परदेशातलं सहा आठवड्यांचं आंतरशाखीय डिझाइन सत्र कसं आखावं

प्रश्न थोडक्यात असा: एका डिझाइन विभागाला २० विद्यार्थ्यांना सहा आठवड्यांसाठी परदेशातल्या भागीदार विद्यापीठात न्यायचं आहे. औद्योगिक डिझाइनचे ८ आणि वास्तुरचना, यंत्र अभियांत्रिकी, समाजशास्त्र यांचे प्रत्येकी ४. यजमानांकडून आणखी ४ विद्यार्थी मिळतील. मागच्या खेपेला डिझाइनवाल्यांनी चित्रं काढली, अभियंत्यांनी गणितं मांडली, समाजशास्त्राच्या मुलांनी अहवाल लिहिला आणि शेवटच्या रात्री सगळं एका सादरीकरणात चिकटवलं. हे टाळायचं कसं, आणि श्रेयांक, गट, गुण यांची घडी बसवायची कशी?

शेवटच्या रात्रीचं चिकटवकाम मुलांच्या आळसातून क्वचितच येतं. ते वेळापत्रकातच लिहिलेलं असतं. पहिला आठवडा ओळखी आणि शहर बघणं, दुसरा ‘संशोधन’, तिसरा-चौथा ‘संकल्पना’, पाचवा ‘तांत्रिक तपशील’, सहावा सादरीकरण, अशी आखणी केली की संशोधन समाजशास्त्राकडे जातं, संकल्पना डिझाइनकडे, तपशील अभियंत्यांकडे. खो मिळेपर्यंत बाकीचे आपापल्या चौकटीत बसून. १९७० साली फ्रान्समधल्या नीस इथे ओईसीडी या आर्थिक सहकार्य संघटनेच्या शिक्षण केंद्राने भरवलेल्या चर्चासत्रात बहुशाखीय आणि आंतरशाखीय हे शब्द वेगळे करून मांडले गेले. बहुशाखीय म्हणजे शाखा शेजारी-शेजारी नांदतात. आंतरशाखीय म्हणजे एकीची पद्धत दुसरीच्या कामात शिरते. तुम्हाला हवं होतं दुसरं, आखणी झाली पहिल्याची.

लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट आणि इम्पीरियल कॉलेज १९८० पासून डिझाइन-अभियांत्रिकीचा संयुक्त अभ्यासक्रम चालवतात. फिनलंडमध्ये तंत्रशास्त्र, व्यापार आणि कला-डिझाइन या तीन विद्यापीठांचं मिळून २०१० साली आल्टो विद्यापीठ झालं. सहा आठवड्यांत त्यांची नक्कल करायला जाऊ नका. तिथे शाखांना एकमेकींची सवय व्हायला वर्षं मिळतात. तुमच्याकडे ती नाहीत, पण दुसरं एक भांडवल आहे: परक्या जागी चारही शाखांचे विद्यार्थी सारखेच अनभिज्ञ असतात. दार बाहेरच्या बाजूला का उघडतं, रांग इथे अशी का लागते, हा पाइप भिंतीबाहेरून का नेलाय, याचं उत्तर कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून सगळेच विचारतात आणि सगळेच चुकतात. ही समानता साधारण दहा दिवस टिकते. त्यानंतर जो तो आपल्या शाखेचा कोपरा पकडतो. म्हणून सगळी आखणी त्या दहा दिवसांभोवती करा. ते दिवस खाणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे कागदपत्रं, मापं, परवानग्या, सुरक्षेचे धडे, शक्य तितकी आधी उरकून टाका.

तासांचा हिशेब

निघण्यापूर्वी ४ आठवडे, आठवड्याला ६ तास ऑनलाइन: २४ तास. तिथे ६ आठवडे, आठवड्याला ३६ तास: २१६. परतल्यावर २ आठवडे, आठवड्याला १५ तास: ३०. एकूण २७०. युरोपीय श्रेयांकाला देशानुसार २५ ते ३० तास धरतात. ३० तास धरणाऱ्या देशात याचे ९ श्रेयांक होतात, २७ धरले तर १०. अमेरिकी सेमिस्टर-श्रेयांक साधारण ४५ तासांचा, म्हणजे ६. मागताना ९ आणि ६ असेच मागा. एखादा वाढीव श्रेयांक मिळवायला तास फुगवले की कागदावर आठवडा ४० तासांच्या वर जातो आणि एखादा चिकित्सक परीक्षा-विभाग पूर्ण प्रस्तावच परत पाठवतो.

खरी अडचण वेगळी असते. हे एकच काम चार विभागांच्या चार वेगळ्या खणांत बसवावं लागतं. औद्योगिक डिझाइनला ते स्टुडिओ (प्रकल्प करत शिकायचा मुख्य विषय) म्हणून चालतं, अभियांत्रिकीला प्रकल्प किंवा मुक्त ऐच्छिक विषय म्हणून, समाजशास्त्राला क्षेत्रकार्य म्हणून. वास्तुरचनेत व्यावसायिक परिषदेचे नियम आड येतात. मुख्य स्टुडिओच्या जागी हे धरायला विभाग सहसा तयार होत नाही, तेव्हा तिथे ऐच्छिक विषयच मागा. प्रत्येक विभागप्रमुखाची सही असलेलं एक पान हवं: विषयाचा सांकेतिक क्रमांक, श्रेयांक, श्रेणी की फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण, आणि त्या बदल्यात कोणता विषय माफ. इरॅस्मस या युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेत विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि यजमान संस्था अशा तिघांच्या सहीचा अभ्यास-करार असतो. तुम्ही त्या योजनेत नसलात तरी तो नमुना उचला. हे पान नसलं की परत आलेल्या मुलाला तोच विषय पुढच्या वर्षी पुन्हा करावा लागतो. गुणपत्रकावरचं विषयाचं नावही आधी ठरवा. नुसतं ‘स्टुडिओ’ असं छापून आलं तर समाजशास्त्र विभाग ते ओळखणार नाही. ‘क्षेत्र-अभ्यास आणि डिझाइन प्रकल्प’ चौघांनाही वाचता येतं.

तुम्ही आणि भागीदार इरॅस्मस प्लसच्या लघु-सघन मिश्र कार्यक्रमात बसण्याचा विचार करत असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. त्यात प्रत्यक्ष वास्तव्य ५ ते ३० दिवसांचंच चालतं, ऑनलाइन भाग सक्तीचा आणि किमान ३ श्रेयांक असतात. तुमचे ४२ दिवस त्यात मावत नाहीत. निधीसाठी ते ३० वर आणायचे असतील तर शेवटाकडचे १२ दिवस कापा, पहिले दहा दिवस नाही.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेन क्षेत्रात (एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं आणि सर्व सदस्य देशांतले दिवस एकत्र मोजले जातात. ४२ दिवस सहज बसतात, पण आधीच्या चार-पाच महिन्यांत कोणी तिथे जाऊन आलं असेल तर त्याचे दिवस मोजून घ्या. १५ आठवड्यांचं पूर्ण सेमिस्टर म्हणजे १०५ दिवस; त्याला त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर श्रेयांकाचा अभ्यास करता येत नाही. म्हणून निमंत्रणपत्रात ‘भेट’ आणि अभ्यास-करारात ‘९ श्रेयांक’ असं दोन तोंडांनी लिहू नका.

मापं, कागद आणि फायली

ही बाब किरकोळ वाटते आणि सर्वांत जास्त दिवस खाते. युरोपात आणि बऱ्याच आशियाई देशांत यंत्र-रेखाटनं प्रथम कोन प्रक्षेपणात काढतात (वस्तूची बाजूची दृश्यं कागदावर कुठे मांडायची याची ही एक रीत). अमेरिका, कॅनडा आणि जपानमध्ये तृतीय कोनात. चिन्ह न बघता रेखाटन वाचलं तर डाव्या बाजूचं दृश्य उजवीकडचं समजलं जातं आणि भाग आरशातल्यासारखा उलटा बनतो. अमेरिकी वास्तुरचनेतलं ‘पाव इंचाला एक फूट’ हे प्रमाण १:४८ आहे, १:५० नाही. एकाच भिंतीवर दोन्ही नकाशे लावले तर १० मीटरच्या लांबीत ८ मिलिमीटरचा फरक पडतो. नजरेला तो कळत नाही, प्रतिकृती जोडताना कळतो. लेटर कागद २१६ × २७९ मिमी, ए-४ कागद २१० × २९७. ‘पानात बसवा’ हा पर्याय सुरू ठेवून छापलं की प्रमाण गेलंच. जर्मनी, फ्रान्स, इटलीत दशांश-चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. आणि त्रिमितीय छपाईच्या एसटीएल फायलीत एकक नोंदवलेलंच नसतं: इंचात काढलेला भाग मिलिमीटर समजून छापला तर तो २५.४ पट लहान होतो, रात्रभर यंत्र चालवून हातात मणी येतो.

यावर व्याख्यान देऊन उपयोग नाही. ऑनलाइन चार आठवड्यांतल्या दुसऱ्या आठवड्यात एक छोटं काम द्या. प्रत्येक गटाने साधारण ४० मिमी लांबीचा, मुद्दाम असममित असा एक भाग काढायचा: एका कोपऱ्यात भोक, दुसऱ्या बाजूला पायरी. रेखाटन आणि फाइल यजमान कार्यशाळेला पाठवायची, त्यांनी तो बनवून कॅलिपरने मोजायचा आणि फोटो परत पाठवायचा. प्रक्षेपण, एकक, दशांश-चिन्ह यांपैकी काय चुकलं ते त्या एका तुकड्यावर दिसतं. भाग सममित ठेवलात तर आरसा-चूक लपून राहते, म्हणून तो वाकडा हवा. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही हे करू द्या. किंबहुना रेखाटन त्यानेच पाठवावं. घन भागांसाठी स्टेप प्रकारची फाइल, सपाट कापणीसाठी डीएक्सएफ प्रकारची, प्रत्येक फाइलच्या नावातच ‘मिमी’ आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, एवढे नियम पुरतात.

ऑनलाइन टप्प्याचं प्रयोजनही मर्यादित ठेवा. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात २००६ साली कॉइल केंद्र सुरू झाल्यापासून आंतरराष्ट्रीय ऑनलाइन सहअध्ययन बरंच रुळलं आहे, पण तिथे ऑनलाइन हाच मुख्य कार्यक्रम असतो. तुमच्याकडे तो पूर्वतयारीचा भाग आहे. त्यात ‘समस्येचा अभ्यास’ करायला लावलात तर मुलं विमानात बसण्यापूर्वीच उत्तर घेऊन बसतात, आणि अनभिज्ञतेचे दहा दिवस तिथेच संपतात. जागेचे फोटोसुद्धा आधी दाखवू नका.

संमती आणि विदा

माणसांशी बोलायचं, त्यांना बघायचं, फोटो काढायचे तर यजमान विद्यापीठाच्या नीतिसमितीची मान्यता बहुधा लागते. अर्ज निघण्यापूर्वी किमान तीन महिने द्या. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा व्यक्तिगत विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाचा कायदा लागू आहे. ओळखू येणारा चेहरा आणि आवाजाचं ध्वनिमुद्रण हे दोन्ही व्यक्तिगत विदेत मोडतात. नेहमीची गफलत अशी की मुलं स्वतःच्या फोनवर मुद्रण करतात आणि फोन ते आपोआप कुठल्याशा क्लाउडवर चढवतो. गटाला एक वेगळं ध्वनिमुद्रण यंत्र द्या, रोज संध्याकाळी फाइल सामायिक संरक्षित जागेत हलवून यंत्र पुसा. चेहऱ्याऐवजी हातांचे आणि वस्तूंचे फोटो काढायची सवय लावा. डिझाइनला तेच जास्त कामाचे असतात. संमतीपत्र स्थानिक भाषेत असावं आणि दुसऱ्या व्यक्तीने ते उलट भाषांतरित करून मूळ मजकुराशी ताडून पाहावं. अल्पवयीनांच्या मुलाखती सहा आठवड्यांच्या कामात घेऊच नयेत.

ब्रीफ

ब्रीफ म्हणजे गटाला नेमून दिलेल्या कामाची मांडणी. ‘शहरातली वाहतूक सुधारा’ किंवा ‘वृद्धांचं एकाकीपण’ ही ब्रीफ नव्हे, संमेलनाचे विषय झाले. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ साली ज्यांना ‘दुष्ट समस्या’ म्हटलं त्या जातीचे हे प्रश्न. मांडणीतच वाद, शेवट नाही, आणि कुठलंही उत्तर पडताळायला वर्षं लागणार. सहा आठवड्यांच्या गटाला असा विषय दिला की तो भिंतभर चिकट-चिठ्ठ्या लावतो आणि शेवटी एक ॲप काढतो.

जागा, वेळ आणि कृती पक्की असलेलं ब्रीफ द्या. उदाहरणार्थ: सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळमजल्यावर दुपारी ४ ते ६ या वेळात पुस्तक परत करून ते फळीवर जाईपर्यंतचा प्रवास. यात खिडकी आणि फरशी आहे, ट्रॉली आणि उचलण्याची उंची आहे, आवाज आणि कामाचा भार आहे, कर्मचारी-वाचकांमधला न बोललेला करारही आहे. ब्रीफ तपासायची सोपी युक्ती: चारपैकी एक शाखा खोडा आणि विचारा, उरलेल्या तिघी हे काम नीट पार पाडतील का? पाडत असतील तर खोडलेली शाखा शोभेपुरती राहणार. चारही वेळा उत्तर ‘नाही’ आलं पाहिजे. जागा स्टुडिओपासून चालत २० मिनिटांच्या आत हवी, कारण सहा आठवड्यांत गटाने तिथे किमान दहा फेऱ्या मारायच्या आहेत. बसने तासभर लागला की दोन फेऱ्यांत आटोपतं. चार गटांना एकाच ग्रंथालयात सोडू नका. दोन गट एका जागी, दोन दुसऱ्या. एकाच जागेवरच्या दोन गटांनी वेगळं पाहिलं की क्रिटमध्ये, म्हणजे ज्युरीसमोर काम मांडून टीका ऐकण्याच्या बैठकीत, बोलायला काहीतरी मिळतं.

पहिले दहा दिवस

गट चार, प्रत्येकी सहाचा: औद्योगिक डिझाइनचे दोन, बाकी तीन शाखांचा एकेक, यजमानांचा एक. सहा जणांत परस्पर संवादाच्या जोड्या १५ होतात, आठ जणांत २८. सहाच्या वर जाऊ नका.

पहिला दिवस. स्वागत, विद्यापीठाचा फेरफटका, ओळखपत्रं हे सगळं आदल्या दिवशी. पहिल्या दिवशी थेट जागेवर, दोन तास, कॅमेरा आणि फोन बंद. परत आल्यावर प्रत्येकाने ए-३ कागदावर ती जागा आठवणीतून काढायची. चोवीस कागद भिंतीवर. वास्तुरचनेची मुलं भिंती आणि उजेड काढतात, डिझाइनची मुलं हँडल, खुर्च्या, पाट्या. अभियंते तारा, नळ, सरकणारे भाग. समाजशास्त्राची मुलं माणसं आणि त्यांच्यातली अंतरं. चित्र सुंदर आहे की नाही यावर एकही शब्द बोलू नका, नाहीतर अभियंते आणि समाजशास्त्राची मुलं त्या दिवसापासून पेन्सिल खाली ठेवतात. दुसऱ्या दिवसाचं काम एवढंच: आपल्या कागदावर जे नाही ते बघून या.

दुसरा ते चौथा दिवस. प्रत्येक गटात तीन जोड्या, एका शाखेचे दोघे एकत्र नकोत, जोड्या रोज बदलायच्या. हत्यारांची अदलाबदल सक्तीची. टेप आणि रेखाटन समाजशास्त्राच्या हाती. मुलाखत अभियंता घेतो. वास्तुरचनेचा विद्यार्थी दर १५ मिनिटांनी माणसं मोजतो. डिझाइनवाले दुरुस्त्या, डाग, चिकटपट्ट्या आणि हाताने लिहिलेल्या सूचना शोधतात, कारण वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले बदल तिथेच सापडतात. काम ओबडधोबड होणार. अभियंता मुलाखतीत ‘हो की नाही’ छापाचे प्रश्न विचारणार, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचं माप पाच सेंटिमीटरने चुकणार. चालेल. पाचव्या आठवड्यात मुलाखतीच्या उताऱ्यावर कोणीही ‘हे एका माणसाचं मत आहे’ म्हणून फेकून देणार नाही, कारण ते मिळवायला किती कष्ट पडतात हे त्याला ठाऊक असतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक गटाचा एक मोठा कागद तयार हवा: जागेचा छेद (जागा उभी कापली तर दिसेल तसं रेखाटन), १:२० प्रमाणात. ३० मीटरची जागा १.५ मीटर कागदावर येते. त्याच कागदावर मोजलेले आकडे, ऐकलेली वाक्यं, उंच्या, आवाज, दुरुस्तीच्या खुणा. सुसान ली स्टार आणि जेम्स ग्रिसेमर यांनी १९८९ साली ‘सीमावस्तू’ ही कल्पना मांडली. वेगवेगळ्या समूहांना ओळखू येईल इतकी ठाम, आणि प्रत्येकाला आपल्या कामापुरती वाकवता येईल इतकी लवचिक अशी वस्तू. हा कागद म्हणजे तीच. तो शेवटपर्यंत भिंतीवर राहतो आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर बोट ठेवून सांगायचा. मार्गदर्शकाला याचा दुसरा उपयोग आहे: चौथ्या आठवड्यात त्या कागदावर एकही नवी खूण पडलेली नसेल, तर गट फुटला आणि जो तो आपापल्या लॅपटॉपमध्ये गेला असं खुशाल समजा.

पाचवा दिवस सुट्टीचा. थकलेल्या, झोपेचं चक्र बिघडलेल्या मुलांकडून सलग दहा दिवस काम घेतलं की सहाव्या दिवशी भांडणं होतात.

सहावा ते आठवा दिवस. पुठ्ठा, चिकटपट्टी, दोरी. पूर्ण आकारातले किमान दोन कच्चे प्रयोग, जागामालकाच्या परवानगीने, प्रत्येकी तासभर जागेवर ठेवून बघायचे. लेझर-कापणी, छपाई यांना अजून बंदी. पुठ्ठा सगळ्यांना सारखाच येतो हेच त्याचं महत्त्व. यंत्र सुरू झालं की यंत्र येणाऱ्याचं राज्य सुरू होतं.

नवव्या दिवशी लिहायचं, दहाव्या दिवशी मांडायचं: एका वाक्यातला प्रश्न आणि तीन प्रकारचे तीन पुरावे. एक मोजलेला, एक पाहिलेला, एक ऐकलेला. तीनही पुरावे एकाच प्रकारचे असतील तर प्रश्न परत. आता शाखेप्रमाणे भूमिका घ्यायला हरकत नाही.

यजमान विद्यार्थ्याबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं. त्याचं स्वतःचं सेमिस्टर चालू असतं. तो तासाला जातो आणि उरलेल्या वेळात गटाचा दुभाषा होतो. डिझाइन करायला आलेला मुलगा सहा आठवडे ‘ते काय म्हणतात?’ याची उत्तरं देत फिरतो. त्यालाही श्रेयांक मिळतील अशी सोय करा, आठवड्यातले दोन अर्धे दिवस त्याच्या विभागाकडून लेखी मोकळे करून घ्या आणि मुलाखतींसाठी वेगळे दुभाषे नेमा. गटातल्या भाषेचाही एक नियम ठेवा: चर्चेपूर्वी पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, मग बोलायचं. नाहीतर सर्वांत सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्याची कल्पना ही गटाची कल्पना ठरते.

कार्यशाळेचे आठवडे

दुसऱ्या आठवड्याच्या उत्तरार्धापासून पाचव्याच्या शेवटापर्यंत. सुरक्षा-प्रशिक्षण प्रत्येक देशात, प्रत्येक कार्यशाळेत नव्याने घ्यावं लागतं; घरचं प्रमाणपत्र चालत नाही. त्याचा लेखी भाग ऑनलाइन टप्प्यात उरकता येतो. लेझरखाली पीव्हीसी कधीच नाही: जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो फुप्फुसांना घातक आणि यंत्राचे धातूचे भाग गंजवणारा. परदेशात प्लास्टिकच्या पत्र्यावरचं नाव वाचता येत नाही तिथेच ही चूक होते. ओळख न पटलेला पत्रा कापायचा नाही. विजेचं: १२० व्होल्टचं मोटरचं हत्यार २३० व्होल्टवर जळतं. नुसता पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. ‘१००–२४०’ छापलेले चार्जर दोन्हीकडे चालतात. ट्रान्सफॉर्मर लावला तरी ६० हर्ट्झची साधी एसी मोटर ५० वर साधारण पाच-षष्ठांश वेगाने फिरते, आणि वेगावर बेतलेला प्रयोग चुकतो.

छपाईची रांग आधी मोजा. मुठीएवढ्या भागाला सहा-आठ तास सहज जातात. दोन यंत्रं, दिवसाला एक आणि रात्री एक छपाई, पाच दिवस: आठवड्याला २० छपाया, म्हणजे गटाला ५, त्यांतल्या काही फसणारच. तक्ता यंत्राशेजारी टांगा, गटाचे हक्काचे वार ठरवून द्या, मोठा भाग रात्री. हा हिशेब केला नाही तर शेवटच्या आठवड्यात आधी पोचणाऱ्या गटाला दहा छपाया आणि उशिरा ठरवणाऱ्याला शून्य.

याच काळात एकट्या पडणाऱ्या शाखांकडे लक्ष द्या. गटात समाजशास्त्राचा एकच विद्यार्थी. करवत-कापणीच्या दिवसांत ‘मी काय करू?’ हा प्रश्न त्याला पडतो. आठवड्यातून एकदा दीड तास चारही गटांतल्या एकेका शाखेची वेगळी बैठक ठेवा. अभियंते अभियंत्यांशी, समाजशास्त्राचे समाजशास्त्राशी, सोबत त्या शाखेचा एक शिक्षक. तिथे माणूस आपल्या भाषेत बोलतो, आपल्या पद्धतीचा कस लावतो आणि गटात परत जाताना त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. शिवाय नमुने जागेवर ठेवून पाहण्याच्या फेऱ्या थांबवू नका. त्या थांबल्या की ही शाखा खरोखरच रिकामी होते.

क्रिट आणि गुण

वास्तुरचनेत चारचौघांसमोर कठोर टीका ही रोजची गोष्ट, अभियांत्रिकीत उत्तर बरोबर किंवा चूक, समाजशास्त्रात टीका लेखी आणि सावकाश. एकाच ज्युरीसमोर तिघांना उभं केलं की वास्तुरचनेचा विद्यार्थी हसतो आणि बाकीचे दोघे खचतात. पद्धत ठरवून द्या. गटाला २० मिनिटं: पहिली ३ मिनिटं ज्युरी गप्प राहून भिंत वाचते, ५ मिनिटं सादरीकरण, १२ मिनिटं प्रश्न. पहिले दोन प्रश्न मुद्द्याच्या शाखेबाहेरच्या ज्युरीने विचारायचे. आणि सर्वांत उपयोगी नियम: ज्याने काम केलं त्याने ते मांडायचं नाही. क्षेत्रातले निष्कर्ष अभियंता सांगतो, सांध्यावरचा भार समाजशास्त्राचा विद्यार्थी समजावतो. कोणाचं ज्ञान कोणापर्यंत पोचलं नाही ते दोन मिनिटांत उघडं पडतं. हे आधीपासून माहीत असलं की मुलं पाचव्या आठवड्यातच एकमेकांना शिकवायला बसतात.

गुणांची विभागणी: गटाचं काम ४०, व्यक्तिगत नोंदवही ३०, अदलाबदलीची (दुसऱ्याचं काम मांडण्याची) तोंडी परीक्षा २०, सहकाऱ्यांचं मूल्यमापन १०. शेवटचं १० च्या वर नेऊ नका, गुणांचे सौदे होतात. आणि प्रत्येक गुणासोबत सहकाऱ्याने केलेल्या एका ठोस गोष्टीचं नाव लिहायला लावा. नोंदवही दर शुक्रवारी बघून तारीख टाका, नाहीतर ती परतीच्या विमानात लिहिली जाते.

श्रेणी-रूपांतर सत्र सुरू होण्याआधी ठरवा. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० ही उत्तीर्णतेची सीमा, आकडा वाढला की कामगिरी घसरली. इटलीत ३० पैकी १८ ला उत्तीर्ण, फ्रान्समध्ये २० पैकी १०, नेदरलँड्समध्ये १० पैकी साधारण ५.५; डेन्मार्कची श्रेणी उणे ३ पासून १२ पर्यंत, उत्तीर्णता ०२ ला. फ्रान्समधले १६ सरळ गुणिले पाच करून ८० केले तर मुलाचं नुकसान होतं, कारण तिथे १६ फार थोड्यांना मिळतात. यजमानांकडून त्या विषयाच्या मागच्या काही वर्षांच्या श्रेणींचं वाटप मागा आणि विद्यार्थी त्यात कुठे बसतो ते बघून रूपांतर करा. ते मिळत नसेल तर चारही विभागांत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठेवा. तीन विभागांत तसं आणि एका विभागात श्रेणी, असं मात्र करू नका. श्रेणीवाला एकटाच रात्री जागतो आणि गटात कडवटपणा येतो.

परतल्यावर

शेवटचे ३० तास दोन कामांना. एक, प्रत्येकाने आपल्या शाखेच्या रीतीने चार पानं लिहायची: अभियंत्याने चाचणी-अहवाल, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने क्षेत्र-टिपण, अट एवढीच की त्यात दुसऱ्या शाखेकडून आलेला किमान एक पुरावा कणा म्हणून वापरलेला असावा. विभागप्रमुखाला दाखवायला हीच पानं लागतात. दोन, जागेवरच्या लोकांना त्यांच्या भाषेत दोन पानांचं टिपण. ग्रंथालयाने सहा आठवडे दारं उघडी ठेवली आणि त्यांच्या हाती काहीच आलं नाही, तर पुढच्या वर्षी ती दारं उघडत नाहीत.

नमुन्यांवरचा हक्क कोणाचा, हे निघण्याआधीच्या करारात लिहा. उद्योगाने पैसे दिले असतील तर नक्कीच. नमुने परत आणायचे असतील तर लिथियम बॅटऱ्या आठवा: १०० वॅट-तासांपर्यंतच्या चालतात, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, सुट्या बॅटऱ्या फक्त हातातल्या सामानात. महागडी उपकरणं तात्पुरती नेऊन परत आणायची असतील तर एटीए कार्ने हा सीमाशुल्क न भरता वस्तू तात्पुरत्या नेण्याचा परवाना काढा. तो एक वर्षापर्यंत वैध असतो, पण दोन्ही देश त्या व्यवस्थेत आहेत याची खात्री करा आणि प्रत्येक सीमेवर शिक्का मारून घ्या. राहिलेल्या शिक्क्यामुळे नंतर सीमाशुल्काची मागणी येते.

आणि तो दीड मीटरचा छेद. घरी आणून तो नळकांड्यातच पडून राहतो. त्याचे मोठ्या रिझोल्यूशनचे फोटो चारही विभागांना द्या आणि मूळ कागद यजमान स्टुडिओत ठेवा. फक्त पुढच्या वर्षीच्या गटाला तो चौथ्या दिवसानंतरच दाखवा.